बेल्यायेवोची मोकळी जागा : कला आणि सुरक्षितता

समकालीन कलेच्या स्वतंत्र महोत्सवांतून ‘सुरक्षितता’ ही कल्पना आशयसूत्र म्हणून योजिली जाते, तेव्हा युद्ध, सीमा, पाळत असे विषय साहजिकच चित्रांत आणि मांडणशिल्पांत येतात. परंतु या कल्पनेची खरी कसोटी पाहावयाची, तर ज्याला असे कोणतेही सूत्र नव्हते अशा एका प्रदर्शनाकडे वळावे लागते. मॉस्कोच्या नैर्ऋत्येकडील बेल्यायेवो भागातील मोकळ्या जागेवर १५ सप्टेंबर १९७४ रोजी भरलेले, आणि भरता भरताच उधळले गेलेले हे प्रदर्शन ‘बुलडोझर प्रदर्शन’ या नावाने इतिहासात नोंदले गेले आहे.

या घटनेची पार्श्वभूमी बेचाळीस वर्षे मागे जाते. एप्रिल १९३२ च्या निर्णयाने सोव्हिएत संघातील सर्व स्वतंत्र साहित्य-कलामंडळे विसर्जित झाली. त्यांच्या जागी शासनमान्य संघ आले आणि १९३४ मध्ये समाजवादी वास्तववाद ही अधिकृत भूमिका ठरली. या व्यवस्थेचा केवळ दडपशाही म्हणून विचार करणे अपुरे ठरेल. संघाचा सभासद असलेल्या चित्रकाराला चित्रशाळा मिळे, रंग व कॅनव्हास मिळे, शासकीय कामे मिळत. ही सुरक्षितता खरी होती, आणि म्हणूनच तिची अटही परिणामकारक होती. संघाबाहेरच्याला कायद्याच्या दृष्टीने व्यवसायच नव्हता. तो ‘समाजाचे बांडगूळ’ ठरू शकत असे. कवी जोसेफ ब्रॉडस्की यांना १९६४ मध्ये लेनिनग्राद येथे याच आरोपाखाली पाच वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली होती.

साहजिकच अनेकांनी दुहेरी आयुष्य पत्करले. इल्या काबाकोव्ह आणि एरिक बुलातोव्ह बालपुस्तकांची चित्रे काढून चरितार्थ चालवीत व उरलेल्या वेळात स्वतःची कला जोपासत. सोव्हिएत प्रकाशनांची सुबक, स्वस्त पुस्तके मराठीतही येत. त्यांच्या आठवणी जपणाऱ्या वाचकाने त्या चित्रसृष्टीमागील ही तडजोडही ध्यानात घ्यावी. ऑस्कर राबिन यांचा मार्ग अधिक खडतर होता. लिआनोझोवो येथील बराकीत राहून त्यांनी रेल्वेच्या मालचढाईवर काम केले आणि रविवारी आपल्या खोलीत येणाऱ्यांना चित्रे दाखविली.

सार्वजनिक दालनाचे दार मात्र उघडत नव्हते. डिसेंबर १९६२ मध्ये मानेझ दालनात ख्रुश्चेव्ह यांनी नव्या वळणाच्या चित्रकारांची जाहीर निर्भर्त्सना केली. जानेवारी १९६७ मध्ये कवी व संग्राहक अलेक्सांद्र ग्लेझर यांनी एका कामगार क्लबात बारा चित्रकारांचे प्रदर्शन मांडले. ते सुमारे दोन तासांत बंद झाले. तेव्हा दालनाऐवजी उघड्या आकाशाखाली प्रदर्शन भरवावे, ही कल्पना पुढे आली. उघड्या जागेला व्यवस्थापक नसतो; त्यामुळे फोनवरून कोणावर दबाव आणण्याचाही प्रश्न येत नाही. आयोजकांनी नगर-सोव्हिएतला आगाऊ कळविले. परवानगी मिळाली नाही, पण स्पष्ट मनाईही झाली नाही.

त्या पावसाळी रविवारी राबिन, ग्लेझर, येवगेनी रूखिन, लिदिया मास्तेर्कोवा, व्लादिमिर नेमूखिन, कोमार व मेलामिद आदी मंडळी चित्रे घेऊन पोहोचली, तेव्हा तेथे झाडे लावण्याच्या निमित्ताने ‘कामगार’ हजर होते. त्यांच्यासोबत बुलडोझर, टिपर आणि पाण्याचे फवारे मारणारी वाहने होती. चित्रे हातांतून हिसकावली गेली, चिखलात तुडविली गेली. लेनिन व स्तालिन यांच्या अधिकृत जोडचित्रांच्या धर्तीवर कोमार व मेलामिद यांनी काढलेले स्वतःचे जोडचित्र येथेच नष्ट झाले. राबिन बुलडोझरला लटकले व फरफटत गेले. त्यांच्यासह काहींना अटक झाली. परदेशी वार्ताहरांनाही मार बसला.

आता या शब्दाची गंमत पाहावी. ज्या यंत्रणेचा या चित्रकारांना धाक होता, तिच्या नावातच ‘राज्य सुरक्षा’ हे शब्द होते: के. जी. बी. म्हणजे राज्य सुरक्षा समिती. आणि याच सुमारास सोव्हिएत मुत्सद्दी जिनिव्हा येथे ‘युरोपातील सुरक्षा व सहकार्य परिषदे’च्या वाटाघाटीत गुंतले होते, त्यांची परिणती ऑगस्ट १९७५ च्या हेलसिंकी करारात झाली. कलावंताची उपजीविका, राज्याचे रक्षण आणि राष्ट्राराष्ट्रांतील शांतता हे सुरक्षिततेचे तीन अर्थ त्या चिखलात एकमेकांवर आदळले. तिसऱ्या अर्थाची गरज असल्यामुळे दुसऱ्याला माघार घ्यावी लागली. परदेशी वृत्तपत्रांतील गदारोळानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, २९ सप्टेंबर रोजी, इझमायलोवो उद्यानात चार तासांच्या प्रदर्शनाला परवानगी मिळाली. पन्नासाहून अधिक चित्रकार आणि हजारो प्रेक्षक तेथे जमले.

तेथील सर्वच चित्रे श्रेष्ठ होती असे नाही. या प्रदर्शनांचे महत्त्व त्यांनी प्रकट केलेल्या एका सत्यात आहे. या मंडळींनी सत्तांतर मागितले नव्हते. चार माणसांनी चित्रे पाहावीत एवढीच त्यांची अपेक्षा होती. तेवढ्याने विचलित होणारे राज्यच अधिक असुरक्षित होते. पुढे फेब्रुवारी १९७५ मध्ये मॉस्कोच्या कायम प्रदर्शनस्थळातील मधुमक्षिकापालन दालन त्यांना मिळाले आणि नंतर मालाया ग्रूझिन्स्काया रस्त्यावर आरेखन-कलावंतांच्या शासनमान्य समितीच्या छताखाली जागाही मिळाली. अर्थात छत आले, तशी देखरेखही आली.

बाकीच्यांची वाट वेगळी ठरली. रूखिन १९७६ मध्ये चित्रशाळेला लागलेल्या आगीत मृत्यू पावले. राबिन यांनी स्वतःच्या पासपोर्टचे भलेमोठे चित्र रंगविले होते. त्याच राबिन यांचे नागरिकत्व ते पॅरिसमध्ये असताना १९७८ मध्ये काढून घेण्यात आले. २०१८ मध्ये फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. सुरक्षिततेवर प्रदर्शन योजणाऱ्या कोणत्याही संस्थेने, चित्रांची निवड करण्यापूर्वी, आपल्या डोक्यावरील छत कोणाचे आहे आणि ते कोणत्या अटीवर मिळाले आहे हा प्रश्न स्वतःला विचारावा, असे बेल्यायेवोचा इतिहास सुचवितो.