मासे खाल्ल्यावर दूध प्यायलं की कोड येतो? ‘विरुद्ध आहारा’चं पोटात नेमकं काय होतं

दुपारी बांगड्याचं कालवण झालं आणि रात्री कुणी हळदीचं दूध मागितलं, की घरातलं मोठं माणूस हमखास अडवतं. "मासे खाल्लेत ना आज? मग दूध नको, कोड येईल." ही भीती जुनीच. आता तिच्यात रील्सची भर पडली आहे. पालक-पनीर एकत्र नको, जेवणावर फळ नको, शिकरण तर विषच, आणि प्रोटीन व कार्ब्स एका ताटात आले की अन्न पोटात ‘सडतं’. हे सगळं मानायचं ठरवलं तर वरणभातसुद्धा बंद करावा लागेल!

मुळात या रील्समध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. एक आयुर्वेदातली, दुसरी अमेरिकेतली.

आयुर्वेदातला विरुद्ध आहाराचा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २६व्या अध्यायात सविस्तर येतो. मासे आणि दूध हे त्यातलं ठळक उदाहरण. दोन्ही गोड रसाचे, पण दूध थंड वीर्याचं आणि मासे उष्ण, म्हणून ही जोडी विरुद्ध, असं तिथलं स्पष्टीकरण आहे. विरुद्ध आहारामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीत ‘किलास’ म्हणजे त्वचेवरच्या पांढऱ्या डागांचंही नाव आहे. कोडाची भीती किती जुनी आहे, ते यावरून कळतं.

पण त्याच अध्यायात पुढे जे म्हटलंय, ते रीलमध्ये कधीच येत नाही. ज्याला तो आहार सवयीचा आहे, जो तो थोड्या प्रमाणात खातो, ज्याचा अग्नी चांगला आहे, जो तरुण आहे, व्यायाम करणारा आहे, त्याला विरुद्ध आहार बाधत नाही, असं चरकसंहिताच सांगते. शिवाय विरुद्धपणा फक्त दोन पदार्थांच्या जोडीत नसतो. देश, काळ, मात्रा, खाण्याचा क्रम, असे त्याचे अठरा प्रकार दिलेले आहेत. ‘हे अधिक ते म्हणजे विष’ हे सूत्र मूळ ग्रंथापेक्षा बरंच कडक आहे.

अमेरिकेतला धागा तुलनेने ताजा. विल्यम हॉवर्ड हे या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं मांडलं की प्रोटीनला पचायला आम्ल लागतं आणि स्टार्चला अल्कली, म्हणून दोन्ही एकत्र खाल्लं की दोन्ही नीट पचत नाहीत. हर्बर्ट शेल्टनने १९५१च्या पुस्तकातून हा विचार आणखी पसरवला. आज ‘फूड कॉम्बिनिंग’ नावाने जे तक्ते फिरतात, त्यांचं मूळ इथे आहे.

पोट गोंधळतं का?

अर्धी गोष्ट खरी आहे. जठरातलं पेप्सिन आम्लात काम करतं आणि लाळेतलं स्टार्च पचवणारं एन्झाइम आम्लात थंडावतं. पण पचनाचा मोठा भाग जठरात होतच नाही, तो लहान आतड्यात होतो. तिथे अन्न पोचलं की स्वादुपिंडातून येणारा रस आधी आम्ल शमवतो. त्याच रसात स्टार्च, प्रोटीन आणि फॅट या तिन्हींसाठीची एन्झाइम्स एकत्रच असतात. ‘आज फक्त भात आलाय, प्रोटीनवाले घरी बसा’ अशी सोय शरीराने ठेवलेलीच नाही.

ठेवून उपयोगही नव्हता, कारण निसर्गात सुटं प्रोटीन किंवा सुटं स्टार्च फारसं सापडत नाही. तुरीची डाळ आपण प्रोटीनसाठी खातो, पण तिच्यात प्रोटीनच्या दुपटीहून जास्त कार्बोहायड्रेट असतं. बाळाचं पहिलं अन्न म्हणजे आईचं दूध. त्यातही प्रोटीन, साखर आणि फॅट एकत्रच. वरणभाताची जोडी तर उलट फायद्याची आहे. तांदळात कमी असलेलं लायसिन डाळीतून मिळतं आणि डाळीत कमी असलेलं मेथिओनिन तांदळातून.

याबाबत एक विलक्षण प्रयोग दोनशे वर्षांपूर्वीच झाला होता. १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन या कामगाराला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरचं भोक कायमचं उघडं राहिलं. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने १८२५ मध्ये रेशमी दोऱ्याला मांस, पाव आणि कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले. तासाभराने दोरा ओढला, तर पाव आणि कोबी निम्मे विरघळले होते, मांस तसंच होतं. आणखी तासाने मांसाचेही काही तुकडे गायब झाले. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेगाने चालला होता, पण एकाने दुसऱ्याला अडवलं नव्हतं. (सेंट मार्टिनला या प्रयोगांचा पुढे फार कंटाळा आला, हे सांगायला नको.)

वजनाच्या दाव्याचीही परीक्षा झाली आहे. जिनिव्हातल्या संशोधकांनी ५४ लठ्ठ रुग्णांना सहा आठवडे रोज ११०० कॅलरींचा आहार दिला. निम्म्यांना पदार्थ वेगवेगळे करून, निम्म्यांना नेहमीसारखे एकत्र. वेगवेगळं खाणाऱ्यांचं वजन सरासरी ६.२ किलोने घटलं, एकत्र खाणाऱ्यांचं ७.५ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात नगण्य ठरला. २००० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन घटलं ते कॅलरी कमी झाल्यामुळे.

मग त्रास होतो तो कशाने?

कोड म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होणं, आणि बहुतेक वेळा हे काम शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती करते. मासे-दुधामुळे तसं होतं याचा पुरावा नाही. बंगाली घरात दह्यातला मासा कौतुकाने खाल्ला जातो, युरोपात दुधा-लोण्याच्या सॉसमध्ये मासे शिजतात. हा मुद्दा फक्त माहितीपुरता नाही. मुलीच्या अंगावर पांढरा डाग दिसला की "लहानपणी काय खायला घातलंस?" हा प्रश्न आईला विचारला जातो. वर त्या मुलीचं दूध आणि मासे दोन्ही तोडले जातात, म्हणजे ताटातली दोन उत्तम प्रोटीनं गेली. हातून मौल्यवान वेळ जातो तो वेगळाच. डाग दिसताच त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलं तर उपचारांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

मासे खाऊन अंगावर पुरळ येतं, हे मात्र अनेकांनी अनुभवलेलं असतं. बांगडा, सुरमई, ट्यूना यांसारखे मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, खाज सुटते, डोकं दुखतं. दोष शिळ्या माशाचा असतो, पण नंतर दूध प्यायलं असेल तर आळ दुधावर येतो. माशांची खरी अ‍ॅलर्जी ही आणखी निराळी गोष्ट. पुरळासोबत धाप लागली किंवा ओठ सुजले, तर थेट दवाखाना गाठायचा.

शिकरणाचंही असंच. खाऊन पोट फुगत असेल तर आधी नुसतं दूध पिऊन पाहावं. मोठेपणी दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी होणं आपल्याकडे सर्रास आढळतं, त्यात केळ्याचा काय दोष? आणि दूध पोटात ‘फाटतं’ म्हणून घाबरायचं कारण नाही. जठरातल्या आम्लात ते प्रत्येकाच्या पोटात फाटतंच, पचनाची सुरुवातच तशी होते. जेवणानंतरचं फळही जठरात सडत नाही. ज्यांना ते बाधतं, त्यांच्या मोठ्या आतड्यात फळातल्या काही साखरा आंबून गॅस होतो. त्यांनी ते टाळावं, बाकीच्यांनी खुशाल खावं.

पालक-पनीरवर आक्षेप असा, की पनीरमधलं कॅल्शियम पालकातलं लोह शोषू देत नाही. पालकातलं लोह तसंही फार कमी शोषलं जातं, त्यामुळे पनीर काढून फारसं काही हाती लागत नाही. उलट पालकातलं ऑक्झलेट आतड्यातच कॅल्शियमला चिकटून बाहेर पडतं, आणि ऑक्झलेटच्या मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांसाठी नुसत्या पालकापेक्षा ही जोडी बरी.

ज्या जोडीकडे कुणाचं लक्ष नाही

ती म्हणजे जेवण आणि चहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. आपल्याला लोह मिळतं ते बहुतेक डाळी, बाजरी, पालेभाज्यांतून, आणि हे वनस्पतींतलं लोह चहातल्या तुरट घटकांना पटकन चिकटतं. जेवणासोबतचा कपभर चहा त्याचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. लिंबू, पेरू, आवळ्यातलं क जीवनसत्त्व नेमकं उलट काम करतं. पोह्यांवर लिंबू पिळायचं आणि बशीशेजारी चहाचा कप ठेवायचा, ही आपली आवडती न्याहारी म्हणजे एका हाताने देणं आणि दुसऱ्या हाताने काढून घेणं. चहा तासाभराने प्यायला तरी बराच फरक पडतो.

गोळ्यांच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम अशा दोन्ही गोळ्या मिळतात, आणि विसरायला नको म्हणून अनेक जणी त्या एकदमच घेतात. त्यांत किमान दोन तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालते. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक्स दुधाबरोबर घेतली तर रक्तात कमी पोचतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर चहा-नाश्त्यासाठी अर्धा ते एक तास थांबायचं असतं. चहाच्या घोटाबरोबरच ती गिळणाऱ्यांचे रिपोर्ट वर-खाली होत राहतात आणि डोस मात्र वाढत जातो.