केलेले जाणणे : ख्रिस्ती उपकारस्तुतीची वाटचाल

आपल्या मराठी घरांत एकमेकांचे आभार मानण्याची फारशी रीत नाही. आईने ताट वाढले म्हणून मुलगा तिचे आभार मानू लागला, तर ती चमकून त्याच्याकडे पाहील. शेजारधर्माने कुणी अडीअडचणीला धावून आला आणि आपण त्याला ‘आभारी आहोत’ म्हटले, तर ‘आभार मानून परके करू नका’ असे तो हसून म्हणतो. ह्या रीतीत एक गोडवा आहे, आपलेपणा आहे. परंतु तिच्यात एक धोकाही दडलेला आहे. जे कधीच बोलून दाखवले जात नाही, ते हळूहळू जाणवेनासे होते. आणि जे जाणवेनासे होते, ते आपल्या हक्काचे वाटू लागते.

आपल्या भाषेने ह्या धोक्याची खूण एका शब्दात जपून ठेवली आहे. ‘कृतज्ञ’ म्हणजे ‘केलेले जाणणारा’, आणि ‘कृतघ्न’ म्हणजे ‘केलेल्याचा घात करणारा’. शब्दाची फोड पाहिली तर कृतज्ञता ही मुळात भावना नसून जाण आहे. ती एक प्रकारची स्मृती आहे. आपल्यासाठी कोणी, केव्हा, काय केले हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. ह्या अर्थाने ख्रिस्तसभेचा इतिहास चाळला, तर उपकारस्तुती ही सुखवस्तू माणसांची शिष्टाई नव्हती, ती संकटातही जाण जिवंत ठेवण्याची शिस्त होती, असे दिसून येते.

ह्या शिस्तीचे मूळ जुन्या करारात आहे. अनुवादाच्या पुस्तकातील सव्विसाव्या अध्यायात शेतकऱ्याने प्रथमफळांची पाटी घेऊन देवापुढे कसे उभे राहावे, हे सांगितले आहे. तेथे त्याने नुसते ‘देवा, तुझे उपकार’ एवढेच म्हणायचे नाही. त्याने आपल्या कुळाचा इतिहास सांगायचा आहे. आपला पूर्वज भटका होता, मिसरात आपण गुलामगिरीत राबलो, आपला छळ झाला, देवाने आपला आक्रोश ऐकून आपल्याला बाहेर आणले व ही भूमी दिली, हे सारे सांगून मग त्याने पाटी वेदीपुढे ठेवायची. त्यानंतर लेवी आणि गावात राहणारा परदेशी ह्यांच्यासह आनंद करायचा. हातात नवे धान्य असताना जुनी गुलामगिरी आठवायची, आणि ती आठवून परक्याला आपल्या आनंदात सामील करून घ्यायचे, अशी ही उपकारस्तुती आहे.

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर हाती घेऊन उपकारस्तुती केली ती ह्याच परंपरेत. ती रात्र धरून दिले जाण्याची होती, हे आपण मिस्सेत दररोज ऐकतो; पण त्या दोन गोष्टी एकाच वाक्यात येतात ह्याचा विचार क्वचितच करतो. त्या कृतीवरूनच आद्य ख्रिस्ती लोकांनी आपल्या उपासनेला ‘एउखारिस्तिया’ हे ग्रीक नाव दिले. त्याचा सरळ अर्थ उपकारस्तुती असाच आहे. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाचे एक अतिप्राचीन पुस्तक शतकानुशतके हरवले होते. १८७३ साली ब्रिएनिओस ह्या ग्रीक धर्मपंडिताला कॉन्स्टँटिनोपल येथे त्याचे हस्तलिखित सापडले. त्यात प्याल्यावर आणि भाकरीवर म्हणावयाच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थना आहेत. म्हणजे ख्रिस्तसभेने आपल्या सर्वांत पवित्र कृतीला नाव देताना ‘मागणे’ हा शब्द निवडला नाही, ‘आभार’ हा निवडला.

पुढे इ.स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन ह्यांनी रोमन सम्राट अँटोनिनस पायस ह्याला उद्देशून ख्रिस्ती लोकांचा कैवार घेणारा एक ग्रंथ लिहिला. जस्टिन हे तत्त्वज्ञ, आणि जन्माने शोमरोन प्रांतातील. दहा कुष्ठरोग्यांपैकी जो एकच परत फिरून प्रभूच्या पाया पडला तो शोमरोनी होता, असे संत लूक सांगतो. त्याच मातीतला हा दुसरा मनुष्य रोममध्ये येऊन ख्रिस्ती उपकारस्तुतीचे वर्णन सम्राटाला समजावून सांगत होता. रविवारी शहरातले व खेड्यांतले लोक एकत्र जमतात, शास्त्रवाचन होते, प्रमुख व्यक्ती आपल्या शक्तीनुसार उपकारस्तुतीची प्रार्थना करते व लोक ‘आमेन’ म्हणतात, असे त्यांनी लिहिले. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवक प्रसाद घरी नेतात. आणि मग, ज्यांची ऐपत आहे ते स्वेच्छेने काही देतात. ते प्रमुखाजवळ जमा होते व त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले ह्यांना मदत दिली जाते.

ह्या वर्णनाकडे जरा थांबून पाहावे. उपकारस्तुती आणि मदत ह्या दोन गोष्टी जस्टिन वेगळ्या करीत नाहीत. आपण मात्र त्या वेगळ्या केल्या आहेत. मिस्सा संपली की आपण चपला शोधू लागतो, आणि वर्गणीची थैली पुढे आली की सुटे पैसे चाचपतो. ज्याला आपल्यासाठी केलेले जाणवले आहे, त्याचा हात आपोआप मोकळा होतो, हे त्या दुसऱ्या शतकातील गरीब मंडळीला शिकवावे लागले नाही. जस्टिन ह्यांचा इ.स. १६५ च्या सुमारास रोममध्ये शिरच्छेद झाला.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आफ्रिकेतील कार्थेज नगरीचे बिशप संत सिप्रियन ह्यांची कसोटी लागली. त्यांच्या काळात भयंकर साथ आली होती, आणि आजाऱ्यांची सेवा करताना ख्रिस्ती व अख्रिस्ती असा भेद करू नये, असे त्यांनी आपल्या लोकांना बजावले होते. १४ सप्टेंबर २५८ रोजी प्रांताधिकाऱ्याने त्यांना देहान्ताची शिक्षा वाचून दाखवली. तिला त्यांनी एवढेच उत्तर दिले, की देवाचे उपकार आहेत. आणि वधस्थानी पोहोचल्यावर आपला शिरच्छेद करणाऱ्याला पंचवीस सुवर्णमुद्रा द्याव्यात, असे त्यांनी सोबतच्या लोकांना सांगितले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सिप्रियन ह्यांनी देवाचे उपकार मानले म्हणून ती शिक्षा न्याय्य ठरत नाही. आपल्या घरांत आणि कधी कधी आमच्या व्यासपीठांवरूनही ‘कृतज्ञ राहा’ ह्याचा अर्थ ‘गप्प राहा’ असा लावला जातो. सासरी छळ सोसणाऱ्या मुलीला, पुरती मजुरी न मिळणाऱ्या कामगाराला ‘जे मिळाले त्यात समाधान मान’ असे सांगणे ही कृतज्ञतेची शिकवण नव्हे. केलेले जाणायचे तर केलेला अन्यायही जाणावा लागतो. प्रथमफळांची पाटी घेऊन उभा असलेला शेतकरी मिसरातील जुलूम झाकून ठेवीत नाही. तो त्याचे नाव घेऊन मगच देवाची स्तुती करतो.

दैनंदिन जीवनात ही जाण कशी टिकवावी ह्याचे शास्त्र संत इग्नेशियस लोयोला ह्यांनी घालून दिले. १५२१ मध्ये पॅम्पलोनाच्या लढाईत ते जखमी झाले, अंथरुणाला खिळले, आणि तेथून त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल ह्यांनी मान्यता दिली. त्यात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. सेमिनरीत आम्ही त्या पाठ केल्या. परंतु आत्मपरीक्षण म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे दिवसभराच्या पापांची यादीच उभी राही. पापांचा हिशेब ही तिसरी पायरी आहे. दुसरी पायरी पापे ओळखण्यासाठी कृपा मागण्याची. आणि पहिली, मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानण्याची. हा क्रम सहज पडलेला नाही. आपल्याला काय मिळाले हे ज्याने पाहिले नाही, त्याला आपण काय गमावले हेही कळत नाही.

त्याचे कारण इग्नेशियस ह्यांनी १८ मार्च १५४२ रोजी लिस्बनमधील आपले सहकारी सिमाव रॉड्रिग्ज ह्यांना लिहिलेल्या पत्रात आढळते. कृतघ्नता हे अत्यंत तिरस्करणीय पाप असून तेच सर्व पापांचा उगम आहे, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. त्यासाठी त्यांनी दिलेले कारण आपल्याला चकित करते. कृतघ्नता म्हणजे मिळालेल्या दानांची ओळखच न राहणे, असे ते म्हणतात. आपल्या ‘कृतज्ञ’ शब्दाच्या फोडीतून जे निघते, तेच त्या स्पॅनिश संताच्या लेखणीतून उतरले आहे.

ते पत्र लिहिले जात होते तेव्हा त्यांचे परममित्र संत फ्रान्सिस झेवियर भारताच्या वाटेवर समुद्रात होते. ७ एप्रिल १५४१ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले. पुढे आपल्या वसईलाही त्यांचे पाय लागले. मित्रांची पुन्हा भेट झाली नाही. युरोपातून पत्र यायला वर्षे लागत. १० मे १५४६ रोजी दूरच्या अंबोईना बेटावरून झेवियर ह्यांनी आपल्या बंधूंना कळवले, की तुमच्या पत्रांतून तुम्ही स्वहस्ते लिहिलेली तुमची नावे मी कापून घेतली आहेत आणि माझ्या व्रतांच्या कागदासोबत ती सतत जवळ बाळगतो. हजारो लोकांना बाप्तिस्मा देणाऱ्या त्या थोर मिशनऱ्याच्या एकाकीपणात ह्या कागदाच्या कपट्यांनी त्याला सोबत केली. ती नावे म्हणजे त्याच्यावर झालेल्या उपकारांची यादीच होती.

आपल्या पूर्वजांनी हीच जाण शेतात जपली. गोव्यात भाताची पहिली कणसे देवळात आणून आशीर्वादित करण्याचा सण आजही साजरा होतो. रायला ५ ऑगस्टला, तर ताळगावला २१ ऑगस्टला. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. नव्या कणसांची जुडी वेदीजवळ येते, आशीर्वाद मिळतो आणि ती कणसे घराघरांत जातात. अनुवादाच्या पुस्तकातील ती पाटीच जणू कोकणच्या मातीत उतरली.

आज अनेक गावांत आगेरा आहे, पण शेत उरलेले नाही. जेथे भात डोलत होते तेथे इमारती उभ्या आहेत, आणि आशीर्वादासाठी लागणारी कणसे दुसऱ्या गावाहून आणावी लागतात. काहींना ह्याचे हसू येते. मला तसे वाटत नाही. मात्र कणसे जर आपल्या शेतातली नसतील, तर ती कोणाच्या शेतातली आहेत, हे विचारण्याचे कर्तव्य आपल्यावर येते. ती कोणी लावली, कोणी कापली, त्याला काय मोबदला मिळाला? हा प्रश्न ज्या आगेराच्या दिवशी मनात उठेल, तो आगेरा अजून जिवंत आहे असे समजावे.

हे सारे लिहिताना मी वाचकांना उपदेश करण्याच्या जागी उभा नाही, हे कबूल केले पाहिजे. माझ्या पहिल्याच धर्मग्रामात एक वृद्ध बाई दर शनिवारी देऊळ झाडीत असे, आशीर्वादित पाण्याचे भांडे घासून भरीत असे. मी तिला ‘मावशी’ म्हणत असे. तीन वर्षे मी त्या स्वच्छ देवळात मिस्सा केली, प्रवचने दिली. त्यांपैकी काही नक्कीच कृतज्ञतेवरही असतील. मग एका पावसाळ्यात ती वारली. दफनविधीनंतर मृतांच्या नोंदवहीत तिचे नाव लिहायला मी बसलो, आणि लेखणी थांबली. तिचे नाव मला ठाऊक नव्हते. ते तिच्या मुलाला विचारावे लागले. मुलाने नाव सांगितले. त्याने मला काही म्हटले नाही. माझ्यासाठी केलेले मी जाणलेच नव्हते.

तेव्हापासून रात्रीच्या आत्मपरीक्षणात पहिल्या पायरीवर मी केवळ ‘देवा, तुझे उपकार’ असे म्हणत नाही. त्या दिवशी ज्यांच्या हातून मला काही मिळाले, त्यांची नावे मी घेतो. नाव माहीत नसेल, तर दुसऱ्या दिवशी ते विचारून घेतो. सकाळी दूध टाकणारा मुलगा, गायनवृंदात मागे उभा राहून पेटी वाजवणारा तरुण, आजाऱ्याला प्रसाद द्यायला गेलो असता दार उघडणारी सून, अशी ती यादी असते.

आपल्या कुटुंबांत सायंकाळची रोझरी अजून टिकून आहे, तेथे शेवटचे ‘आमेन’ झाल्यावर उठण्याची घाई करू नये. घरातील प्रत्येकाने त्या दिवशी आपल्यासाठी काही केलेल्या एका माणसाचे नाव मोठ्याने घ्यावे. ते नाव आईचे असेल, तर ती कदाचित चमकून पाहील. पाहू द्यावे.