पोलीसप्रमुखाच्या घरचं बिऱ्हाड

टोपी जरा खाली ओढा. अजून थोडी. आता पुलावरून सरळ चालत राहा, मागे वळून बघू नका. पायाखाली कुरकुरतंय ना, ती सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. रशियन खलाशी आणि शिपाई दिवसभर घोळक्याने फिरतात, खिशातून मूठभर बिया काढून दाताखाली फोडतात आणि टरफलं थुंकत पुढे जातात. सगळ्या हेलसिंकीत हा सडा पडलाय आणि इथल्या लोकांना त्याचा मनापासून राग आहे. तुम्ही मात्र न कुरकुरता चाला. आज रात्री कुणाशी हुज्जत घालण्यात तुमचा फायदा नाही.

साल १९१७, महिना ऑगस्टचा. उन्हाळ्यातल्या त्या उजेडी रात्री सरल्यात आणि पुन्हा खराखुरा अंधार पडू लागलाय. पुलाखालून खारं पाणी, डांबर आणि शेवाळ यांचा मिळून एक ओलसर वास वर येतो. पूल ओलांडला की दुसरंच हेलसिंकी सुरू होतं. मागे राहिलं ते दुकानदार आणि साहेबलोकांचं गाव, पुढे आहे ते कामगारांचं. मुंबईकराला गिरणगावात शिरताना जसा हवेतला फरक कळायचा, तसाच इथेही कळतो: कोळशाचा धूर, यंत्रांचं तेल आणि कुठूनतरी येणारा रायच्या आंबट पावाचा वास.

हा हाकानिएमीचा चौक. समोरची लाल विटांची मोठी इमारत म्हणजे मंडई, १९१४ साली उघडलेली. ती आता बंद आहे, पण फरसबंदीत दिवसभराची मासळी मुरलीय. चौकाच्या कडेला एक माणूस उभा आहे. तुम्हाला इथवर आणणारा सोबती त्याच्याशी दोन शब्द बोलतो आणि तुम्हाला त्याच्या हवाली करतो. हात मिळवा. तळवा जाड आणि खरखरीत लागतो, कारण त्याची बरीच वर्षं लोखंडाच्या कारखान्यांत गेलीत. वय तिशीचं. नाव कुस्ता रोव्हिओ. आजपासून हे तुमचे घरमालक.

आणि हुद्दा? हेलसिंकीच्या पोलिसांचा प्रमुख.

पोटात गोळा आला असेल तर ते साहजिक आहे. कारण तुम्ही ज्याच्या अंगात शिरलाय, त्याच्या नावाचं पकड वॉरंट तिकडे रशियाच्या राजधानीत, पेत्रोग्राडमध्ये निघालंय. त्या माणसाचं नाव व्लादिमीर उल्यानोव, जग त्याला लेनिन म्हणून ओळखतं. सरकार कुणाचं आणि बंड कुणाचं, हा हिशेब इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांवर सोडून द्या. आपल्याला इथे फक्त राहायचंय, आणि लपून राहणाऱ्याला राजकारणापेक्षा दाराची कडी, जिन्यावरची पावलं आणि संध्याकाळचं जेवण या गोष्टी जास्त जवळच्या असतात.

रोव्हिओ पोलीसप्रमुख झाला कसा, एवढं मात्र जाता जाता ऐकून ठेवा. वसंत ऋतूत झारची सत्ता कोसळली तशी त्याच्या जमान्यातली पोलीसयंत्रणाही कोसळली. तिच्या जागी नागरिकांचं नवं पोलीसदल उभं राहिलं, आणि कामगारांनी आपल्यातलाच एक माणूस त्याच्या प्रमुखपदावर बसवला. त्याचे जुने सोबती काल त्याच्याबरोबर यंत्रावर होते, आज तो शहराचा बंदोबस्त बघतो. तुमच्या पक्षाशी त्याचं नातं जुनं आहे. म्हणून तर तुम्ही इथे आहात.

जिना चढा, पण दमाने. पायऱ्यांवर शेजाऱ्यांच्या कोबीचा आणि ओल्या लोकरीचा वास साचलाय. कुठल्याशा दाराआड मूल रडतंय, कुणी खोकतंय. रोव्हिओ किल्ली फिरवतो, तुम्हाला आधी आत घेतो, मग स्वतः शिरतो आणि कडी लावतो. तुमचं बिऱ्हाड ते हेच: एक खोली आणि स्वयंपाकापुरती जागा. मालकीणबाई गावाकडे गेल्यात, त्यामुळे घर रिकामं आहे. भाडेचिठ्ठी नाही, पावती नाही, अनामत नाही. परक्या मुलखात बिऱ्हाड मागायला गेलं की घरमालक नाव, गाव, धंदा आणि कामाचा ठिकाणा विचारतो. हा काहीच विचारत नाही. उलट तुम्हीच विचारायला लागता: टपाल कसं येतं? पेत्रोग्राडचे पेपर कधी मिळतात? पत्रं कुणाच्या हाती धाडायची?

आता झोपा.

झोप उडते ती चाकांच्या खडखडाटाने. पहाटेच गाड्या येऊ लागतात. घोड्यांचे नाल दगडावर ठणठणतात, शेतकरी पोती उतरवतात, बायका डोक्याला रुमाल गुंडाळून टोपल्या मांडतात. खिडकीजवळ जाऊ नका. भिंतीला पाठ लावून, पडद्याच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच बघा: नवे बटाटे, शेपूच्या जुड्या, जंगलातली निळी-काळी बोरं. बोटींतून आलेली चंदेरी, बोटभर लांबीची सिलाक्का मासळी लाकडी पिंपांत भरलीय. सीगल पक्षी तिच्यावर झडप घालतात आणि कोळिणी त्यांना शिव्या देतात. भाषा कळली नाही तरी त्या शिव्या आहेत हे लगेच कळतं.

आणि ती रांग बघा. लढाईमुळे धान्य येत नाही, लोणी दिसेनासं झालंय, साखर जपून वापरायची. बायका हातात पिशवी घेऊन तासन्‌तास उभ्या राहतात. पुढच्या कुणीतरी दोन वाटे उचलले की मागून आवाज चढतो. अशा वेळी मध्ये पडायला दंडावर पट्टी बांधलेला पोलीस येतो, म्हणजे तुमच्याच घरमालकाचा माणूस. तो वर बघतो. तुम्ही पडद्यापासून दोन पावलं मागे सरता. त्याने फक्त ढग बघितले असतील. पण पुढची दहा मिनिटं तुमच्या छातीत धडधडत राहतं.

इथल्या राहण्याची खरी चव ही आहे. ‘दिव्याखाली अंधार’ हे आपण सहज बोलून जातो, पण त्या अंधारात बसणं फार अवघड असतं. बाहेर ज्या खात्याने तुम्हाला शोधायचं, त्याच खात्याच्या प्रमुखाच्या ताटात तुम्ही जेवताय. शहरातल्या कुठल्याही घरावर छापा पडू शकतो, या घरावर पडणार नाही. पण हे सगळं एकाच माणसाच्या शब्दावर उभं आहे. तो संध्याकाळी परत यायला उशीर करतो, तेव्हा त्याच्यावरचा विश्वास जराही न डळमळता तुम्हाला वेळ काढायचा असतो.

दुपार फार लांबते. जवळच ‘कोने या सिल्ता’चा कारखाना आहे. पूल आणि यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यातून हातोड्यांचा आवाज एका लयीत येत राहतो आणि थांबला की चुकल्यासारखं होतं. वर पत्र्याचं छप्पर तापतं. खिडकी उघडायची सोय नाही, सदरा पाठीला चिकटतो, खोलीत शाई आणि शिळ्या चहाचा कोंदट वास भरतो. लाकडी जमिनीतली कुठली फळी करकरते हे आता तुम्हाला पाठ झालंय आणि तुम्ही ती ओलांडून चालता, कारण खालच्या बिऱ्हाडाच्या हिशेबी या वेळी वर कुणीच नाही. खोकला आला तर उशीत खोका.

मग टेबलाशी बसा. समोर निळ्या मुखपृष्ठाची एक वही आहे, बारीक अक्षरांतल्या टिपणांनी भरलेली. तिच्या आधाराने तुम्हाला एक पुस्तक लिहायचंय, ‘राज्यसंस्था आणि क्रांती’. लोकांच्या डोक्यावर बसलेलं पोलीसदल आणि खडं लष्कर मोडून काढलं पाहिजे, असं त्यात ठामपणे म्हटलेलं आहे. ते लिहायला टेबल आणि दिवा पुरवला तो पोलीसप्रमुखाने. रोव्हिओला यात काही विसंगत वाटलं असेल असं मला वाटत नाही. तो स्वतःला कामगारच समजत होता.

शनिवार सगळ्यात कठीण. या वस्तीतल्या घरांत न्हाणीघरं नाहीत, त्यामुळे लोक सार्वजनिक सौनात जातात. दुपारपासून चिमण्यांतून लाकडाचा गोड धूर निघतो. बायका-पोरं काखेत बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन निघतात. गरम दगडांवर पाणी टाकलं की वाफ अंगावर येते, मग त्या ओल्या डहाळ्यांनी पाठ झोडपायची, की आठवड्याचा शीण उतरतो. तासाभराने तीच माणसं लालबुंद चेहऱ्यांनी परततात, आणि त्यांच्या अंगाचा हिरव्या पानांचा वास जिन्यातून थेट तुमच्या दारापर्यंत येतो. तुम्ही तपेल्यातलं गार पाणी मानेवर घेता. तेवढ्यावर भागवा.

संध्याकाळी काल्लिओच्या चर्चच्या घंटा वाजतात. टेकडीवरच्या त्या ग्रॅनाइटच्या चर्चसाठी घंटांची धून खुद्द संगीतकार सिबेलियसने बांधलीय. हा दिवसातला चांगला क्षण, कारण यानंतर तुम्ही ज्याची वाट बघताय ते येणार असतं: पेत्रोग्राडची गाडी. पोलीसप्रमुख स्वतः स्टेशनवर जातो, ताजे रशियन पेपर घेतो आणि घरी आणतो. जिन्यावर बूट वाजतात. ते त्याचेच आहेत, हे तुम्ही आता दोन मजले खालूनच ओळखता.

पेपर हातात पडले की तुम्हाला जेवणाची शुद्ध राहत नाही. रोव्हिओ शेगडी पेटवतो, उकडलेले बटाटे, खारवलेली मासळी, शेपू आणि काळ्या पावाचे तुकडे मांडतो. शाई अजून बोटांना लागतेय. त्यातल्या एखाद्या पानावर तुमच्याबद्दलच काहीतरी छापलंय: हा इथे दिसला, तिथे पळाला. वाचा आणि मासळी चघळा. मग उत्तरं लिहायला बसा, कारण तुमची पत्रं रेल्वेच्या टपालडब्यात काम करणाऱ्या एका फिनिश माणसाच्या हाती सीमेपलीकडे जातात. रोव्हिओ दिवसभराचा थकलेला, बसल्या जागी पेंगतो. दिवा मात्र तुमच्यासाठी जळत ठेवतो.

या माणसाकडे नीट बघून घ्या, मला त्याच्याबद्दल फार वाटतं. लपणाऱ्याचं नाव जगाच्या तोंडी राहिलं. लपवणारा उद्या सापडला असता तर त्याचं पद, घर, बायको, सगळंच पणाला लागलं असतं, आणि तरी तो रोज कचेरीत जाऊन सरळ चेहऱ्याने कामं उरकत होता. पुढे तो सोव्हिएत कारेलियात पक्षाचा मोठा पदाधिकारी झाला आणि १९३८ साली, स्टालिनच्या काळात, त्याला गोळी घातली गेली. आज रात्री त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. तो पाव कापतोय आणि मोठा तुकडा तुमच्याकडे सरकवतोय.

पाहुणेही येतात बरं का. तुमची बायको, नादेज्दा क्रुप्स्काया, हेलसिंकीला येते. तुम्ही तिला अदृश्य शाईने पत्र लिहिलंय, कुणाला न विचारता पोचता यावं म्हणून रस्त्याचा नकाशाही काढून दिलाय. अक्षरं उमटावीत म्हणून तिने कागद दिव्याच्या आचेवर धरला आणि नकाशाची कडाच जळली. एका म्हाताऱ्या कामगार बाईच्या नावाचा परवाना खिशात, डोक्याला रुमाल, सीमेवरचं जंगल पायी तुडवत ती निघाली, गाडीतून इथे उतरली, आणि जळालेल्या कडेने पुढचा रस्ता गिळल्यामुळे बराच वेळ गल्ल्या शोधत भटकली. दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पदरी फक्त धूळ आणि दमछाक होती. पाणी द्या तिला आधी.

एका जागी फार दिवस राहायचं नसतं. रोव्हिओच्या घरातून तुम्ही दुसऱ्या कामगारांच्या घरी हलता, एकदा तर इंजिन चालवणाऱ्या माणसाच्या बिऱ्हाडात. प्रत्येक घराची फळी वेगळ्या जागी करकरते. रोव्हिओ लक्ष ठेवून असतोच. आणि मग पुढे व्हिबोर्ग शहरात सरकायचं ठरतं, तेव्हा पुन्हा त्याचीच मदत लागते, कारण आता तुम्हाला केस हवेत.

नाटकवाल्यांचे टोप करणारा एक कारागीर शोधून काढलाय. दुकानात डिंकाचा आणि जळक्या केसांचा वास आहे, भिंतीवर राजे, म्हातारे आणि भटजी टांगलेत. तुम्ही पांढऱ्या केसांचा टोप मागता, साठीचा दिसेन असा. कारागीर चक्रावतो. त्याने आयुष्यभर लोकांना तरुण करून पाठवलंय. तुमचा चेहरा तो उजेडाकडे वळवतो, हनुवटी धरून निरखतो आणि कळवळून सांगायला लागतो की तुम्ही तर चाळिशीच्या पुढचेही वाटत नाही, हे काय भलतंच मनात घेतलंय. तुम्ही म्हणता, तुला त्याचं काय? तो ऐकत नाही. त्याला तुमचं खरंच वाईट वाटतंय. त्यातून नवा टोप बनवायला दिवस लागणार, आणि दिवस तुमच्याकडे नाहीत. शेवटी तो कुरकुरत फळीवरून एक तयार पांढरा टोप काढतो, तुमच्या टकलावर दाबून बसवतो आणि पुन्हा एकदा विनवतो.

रोव्हिओने हा प्रसंग पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवला. तुम्ही मात्र वाद घालत बसू नका. पैसे मोजा, टोप डोक्यावर नीट बसवा आणि स्टेशनचा रस्ता धरा. व्हिबोर्गची गाडी थांबणार नाही.