चूक आणि तिचे वाचन : अमेरिकेतील प्रथम वर्षाच्या लेखनशिक्षणाचा इतिहास (१८७४ ते १९९९)

प्रस्तावना

महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला धड लिहिता येत नाही, ही तक्रार अध्यापकांच्या प्रत्येक पिढीने केलेली आहे. या तक्रारीवरील उपाय म्हणून प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी लेखनाचा स्वतंत्र व सक्तीचा अभ्यासक्रम ठेवण्याची प्रथा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. या विषयाच्या तेथील अध्यापनपद्धतींचा इतिहास सामान्यतः ‘व्याकरण विरुद्ध अभिव्यक्ती’ किंवा ‘निष्पत्ती विरुद्ध प्रक्रिया’ अशा द्वंद्वांतून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो एका वेगळ्या प्रश्नाच्या आधारे तपासला आहे. विद्यार्थ्याच्या लेखनातील चुकीचा अध्यापकाने काय अर्थ लावला, हा तो प्रश्न होय. पद्धतींमधील खरे अंतर या अर्थात होते, असे या इतिहासावरून दिसते.

हार्वर्ड : दोषनिवारणाची परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अमेरिकन महाविद्यालयांत भाषेचे शिक्षण प्रामुख्याने वक्तृत्वशास्त्राच्या अंगाने होत असे. पाठांतर, भाषण आणि वादविवाद यांना त्यात प्राधान्य होते. चार्ल्स विल्यम इलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाल्यानंतर हे चित्र बदलू लागले. १८७४ पासून प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी लेखनाची परीक्षा आवश्यक करण्यात आली. मान्यवर लेखकांच्या नेमलेल्या ग्रंथांवर आधारित छोटा निबंध लिहावयाचा, आणि त्यात शब्दलेखन, विरामचिन्हे, व्याकरण व शब्दयोजना निर्दोष असावयाची, असे तिचे स्वरूप होते. प्रारंभीच्या परीक्षांत अनुत्तीर्णांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. हे विद्यार्थी त्या काळच्या उत्तम समजल्या जाणाऱ्या शाळांतून आलेले असल्यामुळे या निकालाने खळबळ उडाली.

या व्यवस्थेचे सूत्रधार अ‍ॅडम्स शेर्मन हिल हे पूर्वाश्रमीचे पत्रकार होते. १८८५ मध्ये लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम प्रथम वर्षात आणण्यात आला. ‘इंग्लिश ए’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला आणि इतर अनेक महाविद्यालयांनी त्याचे अनुकरण केले. शाळा सुधारल्या की या अभ्यासक्रमाची गरज उरणार नाही, अशी अपेक्षा त्यामागे होती. हार्वर्डने नेमलेल्या समितीनेही १८९२ च्या अहवालात दोषाचे खापर माध्यमिक शाळांवरच फोडले. मात्र तात्पुरता म्हणून योजलेला हा उपाय कायमचा होऊन बसला.

या परंपरेत चूक म्हणजे निष्काळजीपणाची किंवा अपुऱ्या पूर्वतयारीची खूण होती. तिचे निवारण म्हणजे विद्यार्थ्याने वारंवार लिहावयाचे आणि अध्यापकाने ठरावीक खुणा करून ते तपासावयाचे. विद्यार्थ्याला काय सांगावयाचे आहे, हा प्रश्न गौण ठरला. या पद्धतीचा दुसरा परिणाम अध्यापकांवर झाला. निबंधांच्या ढिगाऱ्यांची तपासणी हे विद्यापीठातील कनिष्ठ अध्यापकांचे काम बनले आणि त्याबरोबर लेखनशिक्षणाची प्रतिष्ठाही घसरली. हार्वर्डप्रणीत या दृष्टीला विरोध करणारे मिशिगन विद्यापीठातील फ्रेड न्यूटन स्कॉट हे १९११ मध्ये स्थापन झालेल्या इंग्रजी अध्यापकांच्या राष्ट्रीय परिषदेचे पहिले अध्यक्ष होते. परिषदेच्या ‘इंग्लिश जर्नल’च्या १९१२ मधील पहिल्याच अंकात एडविन हॉपकिन्स यांनी एक प्रश्न उपस्थित केला. प्रचलित परिस्थितीत लेखनाचे चांगले अध्यापन शक्य आहे काय, असा तो प्रश्न होता आणि त्यांचे उत्तर नकारार्थी होते.

प्रक्रियेचा शोध

१९४९ मध्ये महाविद्यालयीन लेखनाच्या अध्यापकांची स्वतंत्र परिषद स्थापन झाली आणि या विषयाला संशोधनाचे अधिष्ठान मिळू लागले. १९६३ मध्ये ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स व शोअर यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाचा लेखनसुधारणेवर नगण्य, किंबहुना प्रतिकूल परिणाम होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हार्वर्डच्या परंपरेला हा मोठाच धक्का होता.

जॅनेट एमिग यांनी बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना लिहिताना बोलते केले आणि त्यांच्या लेखनप्रक्रियेचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. लेखन म्हणजे आधी आराखडा, मग मजकूर, असा सरळ प्रवास नसतो, हे त्यातून स्पष्ट झाले. डोनाल्ड मरे यांनी १९७२ मध्ये लेखन हे प्रक्रिया म्हणून शिकवावे, असे आग्रहाने मांडले. १९७३ मध्ये पीटर एल्बो यांनी मुक्त लेखनाचा आणि समवयस्कांच्या वाचनगटाचा पुरस्कार केला. अनेक खर्डे, चर्चा आणि पुनर्लेखन यांना वर्गात स्थान मिळाले. चूक ही आता अखेरच्या खर्ड्यात निस्तरावयाची बाब ठरली. चुकीची भीती गेली, हा लाभ निश्चितच मोठा होता. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या अखेरच्या खर्ड्यातही चुका तशाच राहतात, त्याचे काय, याचे उत्तर या पद्धतीजवळ नव्हते.

सिटी कॉलेज : चुकीमागील तर्क

हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये अटळ झाला. १८४७ मध्ये स्थापन झालेले सिटी कॉलेज सामान्य कुटुंबांतील मुलांना विनाशुल्क शिक्षण देणारे म्हणून विख्यात होते. पण कृष्णवर्णीय व प्यूर्टोरिकन विद्यार्थी तेथे अत्यल्प होते. १९६९ मध्ये या समाजांतील विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचा काही भाग ताब्यात घेऊन आंदोलन केले. त्यानंतर १९७० मध्ये शहरातील प्रत्येक माध्यमिक शालान्त विद्यार्थ्याला न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात प्रवेश देण्याचे धोरण अमलात आले.

सिटी कॉलेजमधील प्राथमिक लेखनवर्गांची जबाबदारी मिना शॉनेसी यांच्याकडे होती. नव्या विद्यार्थ्यांचे निबंध पाहून अनेक अध्यापक हताश झाले होते. शॉनेसी यांनी स्तरनिश्चितीसाठी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध अभ्यासले आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या चुका स्वैर नाहीत, त्यांना नियम आहेत, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. विद्यार्थी आपल्या बोलीचे, अर्धवट ऐकलेल्या नियमांचे किंवा स्वतः बांधलेल्या समजुतींचे तर्कशुद्ध पालन करीत असतो. गुंतागुंतीचा विचार मांडण्यासाठी तो लांब वाक्य रचू पाहतो आणि तेथेच अडखळतो. अशी चूक ही पुष्कळदा वाढीची खूण असते. त्यामुळे अध्यापकाने चूक मोजण्यापूर्वी ती वाचली पाहिजे, ही नवी अपेक्षा निर्माण झाली.

डेव्हिड बार्थोलोमी यांनी १९८० मध्ये या विचाराला पुढे नेले. त्यांनी अभ्यासलेला एक विद्यार्थी स्वतःचा निबंध मोठ्याने वाचताना त्यातील कित्येक चुका नकळत दुरुस्त करून वाचत होता. त्याला भाषा येत होती. कागदावर काय उतरले आहे, ते मात्र दिसत नव्हते. १९८५ मध्ये बार्थोलोमी यांनी असे मांडले की, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची भाषा अवगत होण्यापूर्वीच ती अवगत असल्यासारखे लिहावे लागते. या दृष्टीने पाहता चूक ही अपरिचित प्रांतात टाकलेल्या पहिल्या पावलाची होती.

आक्षेप आणि माघार

चुकीकडे सहानुभूतीने पाहणे म्हणजे ती तशीच सोडून देणे, असा अर्थ काढला जाण्याचा धोका होता. लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये यावर बोट ठेवले. सुशिक्षित घरातील मुलाला प्रमाणभाषेचे संकेत घरीच मिळतात. वंचित समाजातील मुलाला ते वर्गात स्पष्टपणे शिकविले नाहीत, तर सत्तेची दारे त्याच्यासाठी बंदच राहतात. हा आक्षेप शॉनेसी यांच्या भूमिकेच्या विरोधात जात नाही. व्याकरण व विरामचिन्हे यांचे अध्यापन त्यांनी कधीच त्याज्य मानले नव्हते. ते चुकीच्या मुळाशी जाऊन करावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

या प्रयोगाला प्रशासकीय आधार मात्र टिकला नाही. आर्थिक संकटामुळे १९७६ मध्ये विद्यापीठाने शुल्क लागू केले. शॉनेसी यांचे १९७८ मध्ये निधन झाले. पुढे चतुर्वर्षीय महाविद्यालयांतील पूर्वतयारीचे वर्ग बंद करण्याच्या विश्वस्त मंडळाच्या निर्णयाला १९९९ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाची मान्यता मिळाली. हार्वर्डमध्ये १८७४ साली परीक्षेने जे काम केले होते, ते आता या निर्णयाने केले. लेखन शिकविण्याचा प्रश्न पुन्हा प्रवेशाचा प्रश्न झाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लेखनातील घसरणीची तक्रार मुळात अभिजनांच्या शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांविषयी होती. त्यामुळे ती केवळ नव्या सामाजिक स्तरांच्या प्रवेशाशी जोडणे इतिहासाला धरून नाही. दुसरी, चुकीचा तर्क समजून घेणे आणि प्रमाणलेखन शिकविणे यांत विरोध नाही. पहिल्यावाचून दुसरे निष्फळ ठरते. तिसरी गोष्ट अध्यापकाच्या श्रमांची आहे. शॉनेसी यांच्या पद्धतीने निबंध वाचावयाचा, तर वर्ग लहान हवा, वेळ हवा आणि या कामाला प्रतिष्ठा हवी. हॉपकिन्स यांच्या १९१२ मधील प्रश्नाचे मूळ याच परिस्थितीत होते. ती बदलण्याची तयारी नसेल, तर कोणतीही पद्धत स्वीकारली तरी अध्यापकाच्या हाती अखेर लाल शाईच उरते.