नापिकी

नापिकी : (कोरडवाहू महाराष्ट्र). अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट, कीड किंवा फसलेली उगवण यांमुळे पीक बुडणे व लागवडीचा खर्चही हाती न येणे. प्रस्तुत नोंद मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातील अल्पभूधारकांविषयी आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर भरले. एवढ्या जिरायतीवर एक खरीप बुडाला, की तूट पुढच्या पेरणीच्या भांडवलात शिरते. गरिबी पक्की होते ती तेथे.

पूर्वपीठिका : १८७५ चे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील सावकारविरोधी दंगे, १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १९७२ चा दुष्काळ व त्यातून विस्तारलेली रोजगार हमी.

मोजणी : महसूल खाते गावाची पैसेवारी (सामान्य पीक रुपया धरून केलेला पिकाचा अंदाज) हंगामी, सुधारित व अंतिम अशी तीनदा काढते. ती ५० पैशांच्या आत आल्यास टंचाईच्या सवलती देण्याची वहिवाट होती. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, भूजल, जमिनीतील ओल आदी निर्देशांक पुढे आणले. शेतनिहाय नुकसानीचा पंचनामा तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक करतात. २०१५ पासून ३३ टक्के नुकसान मदतीस पुरते; पूर्वी ५० टक्के लागे. २०२२ मध्ये आपत्ती निधीतील जिरायतीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये झाला, मर्यादा दोन हेक्टरांची. राज्य शासन वेळोवेळी त्यात भर घालते. तरी बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी यांचा हिशेब मांडला तर ही रक्कम अपुरीच पडते.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत (२०१६) प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हे एकक असते. निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, कापतात, मळतात आणि दाणे तोलतात. अशा प्रयोगांच्या सरासरीची तुलना उंबरठा उत्पन्नाशी होते. गेल्या सात वर्षांतील चांगल्या पाचांची सरासरी त्यासाठी घेतात. नापिकीची वर्षे दोनांहून अधिक झाली की उंबरठाच खाली येतो, म्हणजे ज्या मंडळाला विमा अधिक हवा तेथेच भरपाई आटते. मंडळाची सरासरी बरी निघाल्यास एखाद्याच्या शेतात कुजलेल्या शेंगा हिशेबात येत नाहीत. राज्याची एक रुपयात विमा ही सवलत २०२३ च्या खरिपात आली, २०२५ मध्ये थांबली.

शेंदरी बोंडअळी : २०१७ मध्ये विदर्भात, विशेषतः यवतमाळ भागात, बीटी कपाशीवर तिचा मोठा उद्रेक झाला. बोंड बाहेरून धड दिसते. फोडले की आत गुलाबी अळी आणि डागाळलेली, चिकटलेली सरकी-रुई. अशा कवडी कापसाला भाव पडून मिळतो आणि वेचणीची मजुरी मात्र वाढते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढावी, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. हातात पैसा नसलेला शेतकरी दोन वेचे अधिक मिळावेत म्हणून फरदड राखतो, म्हणजे पऱ्हाटी उभीच ठेवतो; अळीला पुढच्या हंगामापर्यंत खाद्य मिळते आणि पुढचे पीकही धोक्यात येते. याला हलगर्जी म्हणणे अन्यायाचे आहे. ती नड आहे.

कर्ज : पीककर्ज फेडून तेच पुन्हा उचलणे याला ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. नापिकीत ते जमले नाही की खातेदार थकबाकीदार ठरतो, बँकेचे दार बंद होते आणि दुबार पेरणीचे बियाणे कृषी केंद्राच्या उधारीवर किंवा सावकाराच्या पैशावर येते. केंद्राच्या २००८ च्या माफीत संपूर्ण लाभाची मर्यादा दोन हेक्टर होती. त्यामुळे विदर्भातील थोडी अधिक पण कोरडी जमीन असलेले बरेच जण त्या लाभाबाहेर राहिले. सावकारी कर्ज तिच्या कक्षेत नव्हते. नापिकी व शेतकरी आत्महत्या यांच्या कार्यकारणसंबंधाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

स्थलांतर : पीक बुडाले की बीड व लगतच्या जिल्ह्यांतून मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जाणे.

सातबाऱ्याबाहेरचे : मक्त्याने वा बटईने कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नसते, म्हणून खर्च त्याचा असूनही अनुदान बहुधा मालकाच्या खात्यात जमा होते. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावरील जमीन कसणाऱ्या स्त्रियांची अडचण तीच. शेतमजुरांचा बुडालेला रोज पंचनाम्यात धरत नाहीत.