चौदावं अक्षर

अंक लावायच्या आदल्या रात्री आम्ही दोघी एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहीत होतो. मी सुरुवातीला चार अक्षरं घातली, त्याच क्षणी तिने दहावं खोडलं. माझ्या पडद्यावर बरोब्बर चौदावं गेलं. आदेश असा सरकवून घ्यायची युक्ती १९८९ची, अमेरिकेतल्या क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांची. कुणी मुख्य नाही, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. मला ही कल्पना फार आवडते. पण एकीने सलग दोन बदल केले नि तेवढ्यात दुसरीने एक, तर कधीकधी दोघींकडे वेगवेगळे मजकूर उरत. ही खोट पुढच्या संशोधकांनी दाखवली. १९९५मध्ये झेरॉक्स पार्कच्या ‘ज्युपिटर’ने मधे सर्व्हर बसवला, क्रम तो ठरवणार. गूगल डॉक्सही मधल्या सर्व्हरवरच चालतं.

त्या रात्री नेट गेलं, तेव्हा शेजारी बसूनही आम्हाला एकमेकींची नवी ओळ दिसत नव्हती.