अपात्रांची यादी आणि केडगावचं कृपा सदन

सध्या चौकात, चहाच्या टपरीवर एकच विषय. तुझं नाव पात्रमध्ये आलं का अपात्रमध्ये? लाडकी बहीण असो की घरकुल. सरकारी पैसा आहे, छाननी व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण "अपात्र" हा शब्द ऐकला की मला पंडिता रमाबाई आठवतात. विधवांसाठी शारदा सदन, 1889, मुंबई, एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या मागची-पुढची गोष्ट थोडी सांगतो.

1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम भागातलं आपलं एक घर दाखवलं. समाजाने "वाया गेलेल्या" ठरवलेल्या बायांसाठी ते घर होतं. त्या बायांशी इतक्या मायेने वागणारं कुणी रमाबाईंनी आधी पाहिलं नव्हतं. बरं, ही बाई साधी नव्हे. संस्कृत शास्त्रं कोळून प्यालेली, कलकत्त्याच्या पंडितांनी "सरस्वती" पदवी दिलेली. त्यांनी सरळ विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट आपल्याकडे समजावून सांगावी लागत नाही. विहीर, भर दुपार, एकटीच पाणी भरायला आलेली बाई. पाच नवरे झालेले, आता राहते तो नवराही नाही. जात अशी, की यहुदी तिच्या भांड्याला तोंड लावणार नाही. आणि येशू तिलाच पाणी मागतो. आधी सुधार, मग ये, असं म्हणत नाही. ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात ती हीच. लायकी बघून मिळतो तो पगार.

त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे, की धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली. तोवर विद्वत्तेच्या जोरावरच चाललं होतं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मग 1896-97 चा दुष्काळ. मध्य प्रांत होरपळला. आपला चांदा जिल्हा तेव्हा याच प्रांतात. रमाबाईंचे आईवडील 1874 मध्ये उपासमारीतच गेले होते, त्यामुळे भूक काय असते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे 300 मुली-बाया घेऊन गेल्या. हाडांचे सापळे, अंगावर फोड, काहींची बाजारात विक्री झालेली. पुण्यात प्लेगमुळे बंदी, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती मिशन.

तिथे "पतित" म्हणवल्या गेलेल्या बायांसाठी वेगळं घर झालं, त्याचं नावच कृपा सदन. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन, तिथे ब्रेल शिकवत. ज्यांना घरच्यांनीही दार लावून घेतलं, त्यांच्यासाठी ही दारं उघडी होती.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कॉमेंटमध्ये येईलच. भुकेल्या पोराने घेतलेला धर्म हा खरंच त्याचा निर्णय का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि तो खोटा नव्हता. शारदा सदनातल्या धर्मप्रभावावरून 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक बाजूला झाले, केसरीने तर झोडपून काढलं. माझं मत विचाराल तर टीका करणाऱ्यांचा मुद्दा बरोबर होता. पण रमाबाईंनी उचलून नेल्या त्या मुलींसाठी, या टीकाकारांपैकी किती जणांनी घर उघडलं?

शेवटची वर्षं रमाबाईंनी एकाच कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल असं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली-बाया. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं.